हरळीची लागवड

सुरतेत हिरवळ लावावयास आषाढासारखा महिना नाही. आम्ही अडाजणच्या अंगणातील काळ्या मातीत रेती व कुजलेले शेणखत मिसळले, आणि हरळीचे बोटभर तुकडे चार-चार बोटांवर खोचले. माळी तिला ‘धरो’ म्हणतो. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच.

आमचे आजोबा खानदेश सोडून येथे आले, ते निम्मे या हरळीपायीच. कापसाच्या रानात ती शिरली की पेरापेराला मुळे धरते. कुळव चालवावा तर तुकडे अधिकच पसरतात. उन्हाळाभर कुदळीने खणून ती वेचावी लागे. लहानपणी वडिलांनीही ती वेचली आहे. त्याच तापीच्या काठी, पार खालच्या अंगाला, आता आम्ही ती पैसे मोजून आणली!

कोवळ्या हिरवळीला पाणी झारीनेच द्यावे. नळाची धार मुळे उघडी पाडते. लव्हाळा नुसता उपटून भागत नाही, गाठीसकट खणावा लागतो. पाती दोन-अडीच इंच झाल्यावर पहिली कापणी विळ्याने करावी. यंत्राची घाई केल्यास न रुजलेले तुकडेच निघून येतात.

चतुर्थीला घरात दूर्वांची मागणी झाली. आम्ही बाजारातून आणा म्हणालो. वडील मात्र काठी टेकीत गेले व कडेच्या दूर्वा काढून आले, जुन्या सवयीने मुळासकट. एकवीस जुड्या बांधून झाल्यावर उरलेली मुळे त्यांनी ओंजळीत घेतली आणि अंगणात बसून एकेक पुन्हा मातीत दाबली.