समुद्राचा पलीकडचा काठ

आम्हां माळव्यातल्या माणसांची पाण्याशी ओळख होते ती नर्मदेच्या तीरावर. महेश्वरच्या घाटावर उभे राहिले म्हणजे पलीकडचा काठ दिसतो; त्यावरची झाडे दिसतात, क्वचित एखादे गुरू पाण्यावर उतरलेलेही दिसते. त्यामुळे पाणी म्हटले की त्याला दोन काठ असायचेच, अशी समजूत लहानपणापासून मनात रुजते. आमच्या नातीचीही तीच समजूत होती. ती पाच वर्षांची. घरात तिला सारे चिऊ म्हणतात. तिचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, नोकरीनिमित्त मस्कतला असतात. "बाबा कुठे राहतात?" असे कुणी विचारले की ती न अडखळता सांगते, "समुद्राच्या पलीकडे."

गेल्या दिवाळीला चिरंजीव येणार होते, आले नाहीत. कामाचा करार आणखी बारा महिन्यांनी वाढल्याचे त्यांनी कळविले. ही वार्ता आम्हां उभयतांना आणि सूनबाईंना ठाऊक होती, चिऊला नव्हती. तिला आम्ही एवढेच म्हटले की बाबांना थोडा उशीर होणार आहे, तोवर आपण समुद्र पाहून येऊ. लेकराचे मन दुसरीकडे वळवावे हाच त्यात हेतू होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. असे सोमनाथ, पोरबंदर आणि द्वारका या तीन सागरतीरीच्या नगरांचे प्रवासाचे बेत ठरले, आणि भाऊबीज होताच आम्ही चौघे इंदूरहून वेरावळला जाणाऱ्या गाडीत बसलो.

रतलाम, दाहोद, गोधरा मागे पडली ती झोपेतच. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर गुजरातची सपाट शेते धावत होती. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, समोरच्या बाकावरील गुजराती कुटुंबाने थेपले पुढे केले, आणि तासाभरात दोन्ही घरांची वंशावळ परस्परांना पाठ झाली. राजकोट, जुनागढ करीत वेरावळला पोहोचेतो दिवस मावळायला आला होता. फलाटावर पाय ठेवताच ओल्या वाऱ्याबरोबर मासळीचा उग्र वास आला. चिऊने नाक दाबून विचारले, "समुद्र असा वासाचा असतो?" वेरावळ हे मोठे मच्छीमार बंदर. रस्त्याच्या कडेला लाकडी गलबते बांधण्याचे काम चालते. अर्धवट उभ्या राहिलेल्या त्या भल्या थोरल्या सांगाड्यांकडे पाहत ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोमनाथाच्या दर्शनास गेलो. बारा ज्योतिर्लिंगांतील हे पहिले. इसवी सन १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने हे मंदिर लुटले व उद्ध्वस्त केले, आणि पुढेही ते अनेकदा पडले व उभे राहिले. आज दिसणारे मंदिर स्वातंत्र्यानंतरचे. १९४७ च्या नोव्हेंबरात सरदार पटेलांनी जीर्णोद्धाराचा संकल्प केला, प्रभाशंकर सोमपुरा यांनी आराखडा सिद्ध केला, आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली.

मंदिरात भ्रमणध्वनी नेता येत नाही; बाहेर ठेवून पावती घ्यावी लागते. सूनबाई आपला संच खिडकीतल्या माणसाच्या हाती देऊ लागल्या तोच चिऊने त्यांचा हात धरला. "बाबांना इथे ठेवून जायचं?" रांगेतले लोक कौतुकाने हसले. आम्हीही हसलो. रोज रात्री जेवणापूर्वी त्या लहानशा काचेत तिला वडील दिसतात. तिच्या लेखी त्यांचे घर तेच. सूनबाई मात्र हसल्या नाहीत.

दर्शन घेऊन आम्ही मंदिराच्या मागच्या अंगाला समुद्राकडे आलो. तिथे एक बाणस्तंभ आहे. त्याच्या माथ्यावरचा बाण दक्षिण दिशा दाखवतो, आणि या रेषेत थेट दक्षिण ध्रुवापर्यंत मध्ये कोठेही भूमीचा अडथळा नाही, अशा अर्थाचा संस्कृत लेख त्यावर कोरलेला आहे. सारा जन्म फळ्यापुढे गेलेल्या माणसाला असा लेख दिसला आणि शेजारी श्रोता असला, मग त्याची जीभ कशी आवरावी? आम्ही चिऊला कडेवर घेतले, बोट दाखवले आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, "या बाजूला पाणीच पाणी. हजारो कोस गेलीस तरी पलीकडचा काठ म्हणून नाही. शेवटी एकदम बर्फ!"

तिने बराच वेळ त्या निळ्या पसाऱ्याकडे पाहिले. मग आमच्या खांद्यावर मान टाकून ती हळूच म्हणाली, "मग बाबा कुठे राहतात?"

आमच्याने काही बोलवेना. कुणी रडले असते तर समजूत तरी घालता आली असती. ती रडली नाही. बाहेर येऊन संच परत घेतला तेव्हा तिने तो छातीशी धरला आणि मग दिवसभर काठाकडे पाहिले नाही. वाळूवर उंट होते, फुगेवाले होते, कणसे भाजणारा होता. कशानेही तिची कळी खुलली नाही.

दुपारी जवळच असलेल्या जुन्या सोमनाथाला गेलो. इंदूरकरांनी हे स्थान चुकवू नये. मूळ जागी पूजाअर्चा चालणे दुर्घट झाले होते त्या काळी, १७८३ मध्ये, पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी हे मंदिर बांधले. मुख्य शिवलिंग तळघरातल्या गाभाऱ्यात आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. महेश्वरी बसून सागरतीरीच्या देवाची चिंता वाहणाऱ्या त्या माउलीपुढे मन नम्र झाले. सौभाग्यवती मात्र पायऱ्या चढून आल्यावर आम्हांला म्हणाल्या, "अहो, बाईंनी एवढं देऊळ बांधलं, आपल्याला एका पोरीचं मन राखता येईना."

सोमनाथ ते पोरबंदर हा रस्ता बहुतेक समुद्राला धरून जातो. चोरवाड, मांगरोळकडे नारळाच्या बागा लागतात. माधवपूरला तर समुद्र अगदी रस्त्याशी येऊन भेटतो. श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह येथे झाला अशी श्रद्धा असून रामनवमीपासून मोठी जत्रा भरते. आपल्या विदर्भाची लेक या खाऱ्या वाऱ्यात नांदायला आली, हे ऐकून सूनबाई पहिल्यांदाच थोड्या हसल्या. त्यांचे माहेर अमरावतीचे.

पोरबंदरला कीर्तिमंदिर पाहिले. २ ऑक्टोबर १८६९ रोजी गांधीजी ज्या घरात जन्मले ते घर त्याला लागूनच जपले आहे. गांधीजींच्या ७९ वर्षांच्या आयुष्याची खूण म्हणून या मंदिराची उंची ७९ फूट ठेवली आहे. ते उभारण्यास पुढाकार घेणारे नानजी कालिदास मेहता हे स्वतः समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेले आणि उद्योगपती झाले. मागच्या बाजूला कस्तुरबांचे माहेरघर आहे. लहान लहान खोल्या, अरुंद जिने. आम्ही सूनबाईंना सांगत होतो की १८८८ साली गांधीजी बॅरिस्टरीसाठी मुंबईहून विलायतेस निघाले तेव्हा कस्तुरबांच्या मांडीवर काही महिन्यांचे मूल होते, आणि ते परतले १८९१ मध्ये. सूनबाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तीन वर्षं पत्रांवर काढली त्यांनी?" मग त्या एका खिडकीशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी समुद्रापार गेलेला असणार, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी अशा खिडकीशी उभे राहिलेले असणार, हा विचार त्या वेळी आमच्या मनात आला.

पोरबंदर ही सुदाम्याची नगरी. त्याच्या मंदिरात आम्ही चिऊला मूठभर पोह्यांची गोष्ट सांगितली. "सुदामा इंदूरचा होता का?" तिने गंभीरपणे विचारले. रोज सकाळी पोह्यांनीच ज्या नगराचे डोळे उघडतात तेथील बालिकेने दुसरा कोणता तर्क करावा? दोन दिवसांनंतर ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती. सायंकाळी गावातल्याच पाणथळीत रोहित पक्ष्यांचा थवा एका पायावर उभा दिसला. ती मोजू लागली. वीसच्या पुढे तिची मोजणी गडबडली.

तिसरा मुक्काम द्वारका. बडोद्याच्या वाचकांना सांगायला नकोच की ओखामंडळाचा हा मुलूख संस्थाने विलीन होईतो गायकवाडांच्या राज्यात होता. गोमतीच्या घाटावरून ५६ पायऱ्या चढून द्वारकाधीशाच्या मंदिरात शिरावे लागते. शिखरावर ५२ गजांची ध्वजा फडकते. वर चढून ती बदलणारा माणूस पाहताना खालच्या सर्वांचे श्वास रोखलेले असतात. बेट द्वारकेला पूर्वी नावेनेच जावे लागे. २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू खुला झाला असून सुमारे सव्वादोन किलोमीटरचा तो पूल गाडीतून ओलांडता येतो. तेथे आम्ही दुपारी जाऊन आलो; त्याआधी, सकाळी, रुक्मिणीच्या दर्शनाला गेलो होतो.

रुक्मिणीचे मंदिर गावाबाहेर, दोनएक किलोमीटर अंतरावर एकटेच आहे. पुजाऱ्याने त्याची कथा सांगितली. दुर्वास ऋषींच्या रथाला कृष्ण आणि रुक्मिणी स्वतः जुंपले गेले होते. वाटेत रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने अंगठ्याने भूमी दाबून गंगा प्रकट केली, आणि ती ऋषींना न विचारता प्याली. दुर्वासांनी शाप दिला : पतीचा बारा वर्षे वियोग होईल, आणि या भूमीला गोडे पाणी मिळणार नाही. म्हणून येथे पाण्याचे दान करतात. सूनबाईंनी दान दिले, बाहेर ओट्यावर बसल्या आणि सरळ आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "बाबा, रुक्मिणीला निदान किती वर्षं ते सांगितलं होतं. चिऊला आपण तेवढंही सांगितलेलं नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. शाळेत मुलांना आम्ही आजवर हजार वेळा सांगितले असेल की खरे बोलावे. घरात मात्र पाच वर्षांच्या मुलीला 'थोडा उशीर' म्हणत आलो होतो. सौभाग्यवतींनी लगेच दुसरे बाजू सावरली. "तुमचा तो बाण दक्षिणेकडचा ना? मग पश्चिमेला काय आहे ते का नाही सांगितलंत?"

खरेच, का नाही सांगितले? आम्ही नकाशा उघडला. द्वारकेहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती ओमानच्याच किनाऱ्याला जाऊन लागते. मस्कत त्या रेघेच्या किंचित उत्तरेस, येथून सुमारे अकराशे किलोमीटर.

त्या दिवशी शुक्रवार होता. तिकडचा सुटीचा वार. सूनबाईंनी चिरंजीवांशी आधीच बोलून ठेवले. सायंकाळी आम्ही भडकेश्वराला गेलो. समुद्रात शिरलेल्या खडकावर महादेवाचे हे लहानसे देऊळ आहे. तेथून मावळतीला अडथळा नाही. सूर्यबिंब पाण्यात बुडाले, पश्चिम लाल झाली, आणि त्याच वेळी सूनबाईंच्या हातातील काचेत चिरंजीव दिसू लागले. तेही समुद्रकाठी उभे होते. त्यांच्या अंगावर अजून ऊन होते.

"तुमच्याकडे सूर्य आहे?" चिऊ ओरडली. "आमचा आत्ता संपला!"

आम्ही तिला सांगितले की इथला सूर्य मावळला की सुमारे पाऊण तासाने तो बाबांच्या गावी मावळतो. बाबा उभे आहेत तो या समुद्राचा पलीकडचा काठ. बोट दाखवले ते या वेळी योग्य दिशेला.

मग चिरंजीवांनी स्वतःच तिला सांगितले की ते आता पुढच्या दिवाळीला येतील. त्यांचा आवाज मध्येच अडला. आम्ही दुसरीकडे पाहू लागलो. चिऊने आईच्या बोटांवर मोजायला सुरुवात केली : एक संक्रांत, एक रंगपंचमी, एक वाढदिवस, एक गणपती, मग दिवाळी. "पाचच?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचे ओठ थरथरले आणि ती रडली. चांगली पोटभर रडली. आईने तिला जवळ घेतले, रडू दिले. समजूत घालायला आम्ही पुढे झालो तशी सौभाग्यवतींनी आमची बाही धरून मागे ओढले.

अंधार पडल्यावर द्वारकेच्या दीपगृहाचा झोत फिरू लागला. परतताना चिऊ कडेवर होती. दिवा आपल्याकडे वळला की ती हात हलवी. "हा बाबांना दिसतो?" तिने विचारले. एवढ्या लांबून दिसत नाही, पण तिकडून इकडे येणाऱ्या जहाजांना दिसतो, असे आम्ही सांगितले. हे उत्तर खरे होते, आणि तिला ते पुरले.

इंदूरला परतून आता कित्येक महिने लोटले. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले कपाटात आहेत. दिनदर्शिकेवर चिऊने पाच सणांभोवती रंगीत खडूने गोल काढले असून त्यांतील संक्रांत आणि रंगपंचमी खोडून झाली आहेत. तिला कुणी विचारले की बाबा कुठे असतात, तर ती अजूनही "समुद्राच्या पलीकडे" असेच म्हणते. मात्र तसे म्हणताना आमच्या दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवते.