अण्णांची गोल्फ कार्ट

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडचं प्रत्येक पोरगं बोलायला लागल्यापासून म्हणतं. पण जर्मनीतही कुणी काळ्या मातीत गोल्फ कार्ट चालवत असेल असं मला वाटत नाही. आम्ही चालवतो. म्हणजे, अण्णा चालवतात.

सुरुवातीपासून सांगतो.

अण्णांनी चाळीस वर्षं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान चालवलं. विहिरीवरच्या मोटारी जळायच्या, शेतकरी त्या सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे आणि अण्णा त्या रातोरात भरून द्यायचे. दुकान बंद केल्यावर पिंगळीच्या रस्त्याला असलेलं आमचं पाच एकर हेच त्यांचं जग. मागच्या वर्षी घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकरवर घरात फिरू लागले. पण नांगरलेल्या रानात वॉकर चालत नाही हो. शेत बटईनं दिलं आणि अण्णा आखाड्यावरच्या खोलीत बाजेवर बसले, ते बसलेच. बोलणं 'हं' आणि 'नको' एवढ्यावर आलं.

मी पुण्यात. रोज रात्री फोन करायचो, आई म्हणायची, "बरे आहेत." त्या 'बरे आहेत'चा अर्थ मला कळत होता. मी त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. अण्णा म्हणाले, "नको."

अशात एका कंपनीच्या कॅम्पसमधली जुनी गोल्फ कार्ट भंगारात निघाल्याचं मित्राकडून कळलं. चार सीटची, ४८ व्होल्टची, बॅटऱ्या मेलेल्या, सीट फाटलेली. बायको म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून घेतोयस का त्यांना बरं वाटावं म्हणून?" मी उत्तर दिलं नाही. छोट्या हत्तीत घातली आणि बीड-माजलगाव-पाथरी मार्गे पाठवली. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नसते, नोंदणीच नाही तर काय. पण स्वतःच्या शेतात कोण विचारतो?

अण्णांनी बाजेवरूनच बघितलं. "हे काय डबडं आणलास?" मला तेवढंही पुष्कळ होतं. चार शब्द!

तर मंडळी, गोल्फ कार्टमध्ये असतं तरी काय? फार काही नाही. माझ्या गाडीत ८ व्होल्टच्या ६ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे ४८ व्होल्ट. त्यापुढे सोलेनॉइड, म्हणजे मोठा विजेरी स्विच. मग पॅडल किती दाबलं ते बघून करंट सोडणारा कंट्रोलर आणि शेवटी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली डीसी मोटार. इंजिन नाही, क्लच नाही, गिअर बदलणं नाही.

बॅटऱ्या तपासल्या. भरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिडची घनता १.२६५ च्या वर हवी, माझ्याकडे तीन बॅटऱ्या १.१५० च्याही खाली होत्या आणि एकीत तर पाणीच नव्हतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज न करता महिनोन्‌महिने ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, मग ती जिवंत होत नाही. त्या गेल्या भंगारात. मोटार तरी ठीक आहे का बघावं म्हणून ती काढून लाकडी पाटावर ठेवली. ओळखीच्या ई-रिक्षावाल्याकडून १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या आणल्या, जोडून ४८ व्होल्ट केले आणि वायर टेकवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब!"

अण्णा वॉकर धरून उभे होते. कधी उठले मला कळलंच नाही.

"सिरीज मोटार हाय ती. मोकळी फिरवायलास काय? आर्मेचर फुटून पत्र्याला लागंल."

हे मला माहीत असायला हवं होतं, इंजिनिअरिंगला शिकलो होतो. सिरीज मोटारीत फील्ड आणि आर्मेचरमधून एकच करंट जातो. भार नसला की करंट कमी, करंट कमी की चुंबकीय क्षेत्र कमी, आणि क्षेत्र कमी झालं की मोटार आणखी जोरात पळते. तिला थांबवणारं काहीच नसतं. मी पेपरात ही व्याख्या लिहून मार्क मिळवले होते. अण्णांनी कधीतरी कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये तसं आर्मेचर फुटलेलं पाहिलं होतं. फरक तेवढाच.

"एकच बॅटरी लाव. बारा व्होल्ट. अन् दूर हो."

मोटार फिरली, पण कम्युटेटरवर निळ्या ठिणग्या. अण्णांनी खुर्ची मागवली. चष्मा मागवला. मग दोन शनिवार-रविवार त्यांनी त्या मोटारीवर काढले. कम्युटेटर काचपेपरनं घासला (एमरी पेपर मी आणला तर माझ्याकडे असं बघितलं की बस! त्याचे कण वीज वाहतात, फटीत बसून शॉर्ट करतात). तांब्याच्या पट्ट्यांमधला वर आलेला माइका तासायला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा धार लावून वापरला. हात थोडे थरथरत होते, पण ब्लेड सरळ चाललं. ब्रश झिजून निम्मे झाले होते, ते बदलले. मी फक्त टॉर्च धरत होतो, लहानपणी दुकानात धरायचो तसाच. तेव्हाही "इकडं नाही, इकडं" ऐकायचो, आताही.

बॅटरी मात्र माझा प्रांत. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायचं ठरवलं. हे रसायन १९९७ साली पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी जगापुढे मांडलं. त्यातल्या गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळालं, ९७ व्या वर्षी. (अण्णांना हे सांगितलं. म्हणाले, "मग मी तर पोरगाच हाय.") प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, १६ सेल जोडले की ५१.२ व्होल्ट. १०५ अँपिअर-तासाचे सेल घेतले, म्हणजे जवळजवळ साडेपाच युनिट वीज साठते. जुन्या सहा बॅटऱ्यांचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, नवा पॅक पेटीसकट पंचेचाळीस. भुसभुशीत रानात हा सव्वाशे किलोंचा फरक फार मोठा असतो.

आपल्याकडे हा खटाटोप नवा नाही बरं का. दिल्लीत ई-रिक्षांची गर्दी होण्याच्या बरीच वर्षं आधी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी विजेच्या रिक्षावर काम करत होते. तिचं नाव त्यांनी 'एलेक्शा' ठेवलं होतं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्या काळी लिथियम परवडण्यासारखं नव्हतं, सगळा खेळ लेड-अ‍ॅसिडवर. वजनाचं रडगाणं म्हणजे जुनंच आहे.

पहिली फेरी. अण्णा पुढे, माझ्या शेजारी. बांधावरून मस्त गेलो, आवाज नाही, धूर नाही, बगळे उडाले नाहीत. मग तुरीच्या कडेला, नुकतं पाणी दिलेल्या जागी चाक रुतलं. मी पॅडल दाबलं आणि सगळं बंद. अंधार. अण्णांना उतरवता येईना, वॉकर घरी. बटईवाल्याला हाक मारून आणलं, दोघांनी ढकललं. अण्णा पुढे ताठ बसून, समोर बघत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ज्या शेतात हा माणूस बैलांपुढे चालला, तिथे त्याला मी ढकलायला लावलं होतं.

रात्री जेवताना म्हणाले, "ते तुझं संरक्षण किती अँपिअरचं हाय?"

"शंभर."

"कसं काढलास?"

"सपाटीवर पन्नास-साठ लागतात, म्हणून दुप्पट धरलं."

"विहिरीवरची मोटार सुरू होताना किती ओढती?"

मी गप्प. चालू असताना घेते त्याच्या पाच-सहापट. हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. मी सरासरीवर डिझाइन केलं होतं, आणि गाडी अडते ती सुरुवातीला. ऑफिसात आम्ही याच चुकीवर दुसऱ्यांना भाषणं देतो :)

नवा बीएमएस घेतला. सतत २०० अँपिअर आणि काही सेकंद ४०० सोसणारा. मागचे टायर खोल नक्षीचे लावले. मग मात्र गाडी रुतली तरी निघू लागली.

सगळं गोड झालं असं नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते, तेव्हा गाडी गोठ्यात उभी. मे महिन्यात दुपारी चार्जिंग करायचं नाही, पहाटे करायचं, सेल तापलेले असताना चार्ज करणं बरं नाही. खर्च विचारू नका, बायको वाचते हे. आणि अण्णांचा पाय होता तसाच आहे. पुण्याला यायचं अजूनही 'नको'च आहे.

पण आता रोज सकाळी ते विहिरीपर्यंत जातात. बटईवाल्याला बसल्या जागेवरून सूचना देतात. तो वैतागतो, आई सांगते. शेजारच्या आखाड्यावरचे लोक जळालेल्या मोटारी दाखवायला आणतात, अण्णा बघून निदान सांगतात, भरायला शहरात पाठवतात.

मी आता त्यांना फोनवर "बरे आहात ना" विचारत नाही. "व्होल्टेज किती?" विचारतो. ते मीटर बघून आकडा सांगतात, मग पाऊस, मग तूर, मग बटईवाल्याची तक्रार. पंधरा मिनिटं सहज जातात.

काल रात्री त्यांनीच फोन केला. "येताना ब्रशचा एक जोड आण. अन् टॉर्चचे सेल."

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. असो, भेटू पुढच्या शनिवारी.