चिखलांतील स्वारी

आषाढांत तळेगांव दाभाडे सोडून आंदर मावळाकडे वळावें, तों आडवाटांवर घोटाभर चिखल. त्यांतून मोटारसायकल हांकण्यांत खरोखर आनंद आहे काय? टायरच्या खांचा चिखलानें भरल्या, कीं चाक गुळगुळीत होतें. पुढचा ब्रेक जोरानें दाबला, तर स्वार थेट भूमातेच्या चरणीं! पायदानांवर उभें राहून संथ, एकसारख्या वेगानें जावें लागतें. तेवढा वेळ कचेरीची विवंचना मनांत शिरत नाहीं. आनंद आहे तो हाच, आणि अस्सल आहे. घरीं कपडे धुणारांचें मत निराळें पडेल. चाक फार रुतूं लागलें, म्हणजे खाचराच्या बांधावर चढण्याचा मोह होतो. परंतु बांध फुटला, तर पाणी वाहून जाऊन नुकतीं लावलेलीं इंद्रायणी भाताचीं रोपें उघडीं पडतात. आम्ही तेथें उतरून गाडी ढकलीत नेतों.