मन्याची रोजकीर्द

गेल्या वैशाखातील एका सकाळी, परसातील तुळशीवृंदावनामागे जेथे आमचा बोका मन्या माती उकरून आपले विधी उरकीत असे, तेथे विहिरीच्या कठड्यापासून काळ्या मुंग्यांची सलग रांग लागलेली माझ्या पत्नीने पाहिली आणि मला हाक मारून ती म्हणाली, "अहो, जरा इकडे या. हे लक्षण बरे नव्हे." तिच्या वडिलांना वीस वर्षे मधुमेह होता, प्रमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात असे जे चरकाने पूर्वरूपांत सांगितले आहे, ते तिने ग्रंथात वाचले नव्हते, माहेरच्या परसात पाहिले होते. त्याआधी महिनाभर मन्या पाण्याच्या घंगाळाशी बसून राही, दोन वेळा खाऊन तिसऱ्यांदा मागे, आणि तरीही त्याच्या पाठीचा कणा हाताला मणी मोजावेत तसा लागू लागला होता. मागचे पाय तो टाचेपर्यंत टेकून चालू लागला तेव्हा वय झाले म्हणून आम्ही ते सोडून दिले. अंगाने भारी, खच्ची केलेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या बोक्यांनाच हा विकार अधिक जडतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आमचे घर पट्टीश्वरमास, धेनुपुरीश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली म्हणून गावाला हे नाव पडले, अशी इथली कथा आहे. तेव्हा मुक्या जिवाची थोरवी या मातीला कोणी शिकवावी लागत नाही. व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या देशस्थ घराण्यांपैकी आमचे एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि स्वयंपाकघरात चातुर्मासात कांदाही वर्ज्य. अशा घरी वाढलेला मन्या नऊ वर्षे दहीभात आणि दूध यांवर पोसला गेला, व तो ते आवडीने खातो याचे आम्हांस कौतुक होते.

पहिल्या पशुवैद्यांनी मूत्रपिंडाचा दोष ठरवून सलाइन लावले, त्यात आठ दिवस गेले. मग मन्याला वेताच्या टोपलीत घालून आम्ही ओरत्तनाडूची वाट धरली. सरफोजी राजांनी मुक्तांबाळच्या नावे बांधलेले छत्र ज्या गावी उभे आहे, त्याच गावी २०१२पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तंजावरच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांचा विचार करणाऱ्या, आणि ज्याच्या नावे संकलित झालेल्या तमिळ वैद्यकसंग्रहात मधुमेहावर स्वतंत्र भाग आहे, त्या राजाची मला वाटेत वारंवार आठवण झाली.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तातील साखर ४१२ आली तरी तेवढ्यावर निकाल दिला नाही. मांजर घाबरले की त्याची साखर आपोआप चढते, सबब टोपलीतून बसने आलेल्या मांजराचा एकच आकडा पुराव्यास पुरेसा नाही, असे सांगून त्यांनी मूत्र तपासले आणि मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखविणारी फ्रुक्टोसमीनची चाचणी करविली. संशय उरला नाही. इन्सुलिन ग्लार्जिन, दर बारा तासांनी, प्रारंभी १ युनिट, असा हुकूम झाला. आणि त्यापाठोपाठ दुसरी ताकीद आली, जी माझ्या पत्नीला सुईहून अधिक टोचली: भात बंद, दूध बंद, अंडे, मासळी व कोंबडी सुरू.

मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांस व हृदयास अत्यावश्यक असते ते त्याला मांसातूनच मिळते, आणि पिष्टाचा भार सोसण्याची त्याच्या देहाची घडण नाही. हे ऐकून पत्नी परतीच्या वाटेवर दारासुरम् येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "नऊ वर्षे आपण त्याला आपल्या पुण्याचे खाऊ घातले." त्याच संध्याकाळी तिने परसात, गोठ्याच्या पडवीत, वेगळी चूल, वेगळे पातेले आणि वेगळी पळी यांची तजवीज केली, कोंबडी शिजवून देण्याचे शेजारच्या बाईंनी आपण होऊन पत्करले. आमच्या सात पिढ्यांच्या घरात हे प्रथमच घडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

सुई देणे वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. सकाळी सहाला आणि संध्याकाळी देवळातील सायरक्षेच्या, म्हणजे सायंपूजेच्या, घंटेच्या सुमारास मन्या आपल्या बशीत मान घालून असतो, तेव्हा खांद्यामागची सैल कातडी चिमटीने तंबूसारखी उचलावयाची आणि त्या पोकळीत केसाएवढी सुई सरकवावयाची. तो मान वर करीत नाही. कानातून रक्त घेणे मात्र कठीण. गरम पाण्यात पिळलेले फडके कानाशी धरून, मागे बॅटरीचा उजेड ठेवला की कानाच्या कडेची बारीक शीर तांबूस दिसते. तिच्या शेजारी टोचले की मोहरीएवढा थेंब उगवतो. माणसांसाठीचे साखर मोजण्याचे यंत्र मांजराची साखर काहीशी कमी दाखविते, हे ध्यानात धरून मी प्रत्येक आकडा, मात्रा, पाणी आणि वजन एका लांबट वहीत लिहू लागलो. आमच्या पणजोबांनी तंजावरच्या दफ्तरात मोडीत रोजकीर्द लिहिली होती. मी ही लिहिली.

श्रावणाच्या सुमारास, म्हणजे येथील आडी महिन्यात, मात्रा २ युनिटांवर स्थिरावली होती. आडीतला शुक्रवार होता, देवळातील दुर्गेच्या दर्शनासाठी रस्ते माणसांनी भरून गेले होते, आणि सुया संपल्या होत्या. घाईत आणलेल्या सुयांचे टोपण नेहमीच्या नारिंगीऐवजी लाल होते. मी दोनच्या रेघेपर्यंत औषध ओढले. लाल टोपणाची सुई मिलिलिटरमागे ४० युनिटांच्या औषधासाठी असते, आणि ग्लार्जिनमध्ये १०० युनिटे असतात. म्हणजे २च्या जागी ५ युनिटे गेली. रात्री साडेदहाला मन्या झोपाळ्याखालून उठला, दोन पावले टाकून आडवा झाला, आणि त्याचा जबडा थरथरू लागला. यंत्राने ४१ दाखविले. पत्नीने बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांवर चोळला. तोंडात ओतावयाचा नाही, तो श्वासनलिकेत जातो, हे तिच्या ध्यानात होते. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दर अर्ध्या तासाने कान, थेंब, मध, आणि मान धरता आल्यावर चार घास कोंबडी. पहाटे दोनला ९६ आले आणि त्याने माझ्या मनगटाला लागलेला मध स्वतः चाटला. सकाळची मात्रा डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून चुकविली. ज्यांच्या घरी माणसाला वा जनावराला इन्सुलिन चालू आहे, त्यांनी कुपीवरील आकडा आणि टोपणाचा रंग प्रत्येक खरेदीच्या वेळी दिव्याखाली धरून ताडून पाहावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्यानंतर त्याची गरज हळूहळू उतरत गेली. आरंभीच उपचार झाला आणि पिष्ट तोडले, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कामास लागते. भाद्रपदात १ युनिट, दिवाळीला अर्धे, आणि कार्तिक सरता सरता डॉक्टरीणबाईंनी वही चाळून इन्सुलिन थांबविले. टाचा उचलल्या गेल्या, ४ किलो ६०० ग्रॅमवर आलेले वजन ५ किलो २०० झाले, आणि वृंदावनामागे मुंग्या नाहीत. आता मी आठवड्यातून दोनदा कान टोचतो व नोंद करतो. परसातील चूल तशीच चालू आहे. नारिंगी टोपणाच्या सुयांचे एक पाकीट फडताळात ठेवले आहे, कारण हा रोग परत फिरू शकतो, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे.