जिथून सगळं दिसतं

डोंगरावर लोक ज्या जागी फोटो काढायला थांबतात, त्या जागेसाठी कधीतरी माणसं मेलेली असतात. हे मला उमजायला अर्धं आयुष्य गेलं, आणि उमजलं ते चालताना, सायकल मारताना, दम लागून थांबताना.

सुरुवात अर्थातच सिंहगडापासून. पुण्यात वाढलेल्या मुलांना हा गड घरचाच. रविवारी पहाटेची बस, आतकरवाडीची पायवाट, मध्येच लिंबू सरबत, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. बाबा आम्हां भावंडांना तटाशी उभं करायचे आणि विचारायचे, "इथून काय काय दिसतं?" आम्ही सांगत सुटायचो: खडकवासल्याचं पाणी, राजगड, तोरणा, हवा स्वच्छ असली तर पुरंदर. मग त्यांचा दुसरा प्रश्न यायचा, "आणि आपण कुणाकुणाला दिसतो?" या प्रश्नावर आम्ही गप्प व्हायचो. बाबाही उत्तर सांगायचे नाहीत.

कॉलेजात असताना मी पहिल्यांदा कल्याण गावाच्या बाजूने चढले. आतकरवाडीची गर्दी नाही, सरबत नाही. मान वर करून कडा पाहिला तेव्हा बाबांचा दुसरा प्रश्न पहिल्यांदा अंगावर आला. दिवसाउजेडी या उतारावरचं माणूस काय, शेळीसुद्धा वरून लपत नाही. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र माघ वद्य नवमीची होती. चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. तानाजी मालुसऱ्यांनी हल्ल्याची वेळ निवडली अंधाराची आणि वाट निवडली डोणागिरीच्या कड्याची, जिथून कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती. गडाचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे त्याची नजर. त्यांनी आधी ती निकामी केली आणि मग तलवार उपसली. शाळेत शौर्य शिकवलं, ते खरंच आहे. पण त्या शौर्यामागची ही नेमकी, थंड डोक्याची आखणी मला त्या कड्याखाली उभं राहिल्यावर दिसली, आणि तानाजींबद्दलचा आदर दुणावला.

पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे भर पावसात चाललेल्यांना मी काय सांगावं! मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची पाठ दिसत नाही, चिखल बूट सोडत नाही, पायाला जळवा लागतात. जुलै १६६० ची ती आषाढी पौर्णिमेची रात्र. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते पावसाच्या आणि ढगांच्या आडोशाने. आणि त्यांना वेळ मिळावा म्हणून बाजीप्रभूंनी जी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवली, तिथून काहीच दिसत नाही. दोन्ही बाजूंना दरड, मध्ये पाण्याची वाट. मागे किती फौज आहे हे तिथे मोजायचंच नाही, समोर एका वेळी किती मावतात तेवढंच पाहायचं. उंचावरून पाहणं जसं शस्त्र, तसं न दिसणं हेही शस्त्र. बांदलांच्या मावळ्यांना ही जमीन पाठ होती.

पुढे नोकरी लागली, सायकल घेतली, आणि दिवे घाट चढून सासवड, नारायणपूर करत पुरंदर गाठायची सवय जडली. पायी चालताना चढ फुप्फुसांना कळतो, सायकलवर तो मांड्यांना कळतो. उताराचा प्रत्येक बदल गिअर बदलायला लावतो. पुरंदर आज लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून वर जायचं. माचीवर पोहोचलात की पूर्वेकडे पाहा. भैरवखिंडीपलीकडे वज्रगड इतका जवळ आहे की अंगावर आल्यासारखा वाटतो. १६६५ साली मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी हेच हेरलं. पुरंदरावर थेट धडकण्याआधी त्यांनी मोठ्या कष्टाने तोफा चढवल्या आणि वज्रगड पाडला. एप्रिलच्या मध्यावर तो पडला आणि पुरंदरची माची तोफांच्या नजरेखाली आली. मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच ठार झाले. ११ जूनला तह झाला, २३ किल्ले गेले. त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगडही होता. म्हणजे तानाजींना १६७० मध्ये जो कडा चढावा लागला, त्याचं मूळ या समोरच्या, बुटक्या भावासारख्या दिसणाऱ्या डोंगरात आहे. मला पुरंदर हा महाराष्ट्रातला सगळ्यात शिकवणारा गड वाटतो. रायगडाचं वैभव वेगळं, राजगडाचा देखणेपणा वेगळा. पण लढाई उंचीवर कशी फिरते हे पुरंदराइतकं उघडं करून दुसरा कुठलाही गड दाखवत नाही. तरी तिथल्या बहुतेक पर्यटकांची पाठ वज्रगडाकडे असते, याचं वाईट वाटतं.

सह्याद्रीबाहेर मी बाबांचा तो दुसरा प्रश्न घेऊन पहिल्यांदा गेले ती कोहिमाला. दिमापूरहून रस्ता वळणं घेत चढतो आणि शहरात शिरताना एका कड्याला वळसा घालतो. त्याच कड्यावर दुसऱ्या महायुद्धातलं युद्धस्मशान आहे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं, हिरवळ आणि फुलझाडांनी जपलेलं. वरून पाहिलं की सगळा नकाशा पायाशी पडलेला असतो. दिमापूरला रेल्वे आणि रसदीचे डेपो, दुसऱ्या टोकाला इंफाळमधलं सैन्य, आणि दोघांना जोडणारा एकच रस्ता या वळणावरून जाणारा. एप्रिल १९४४ मध्ये जपानची ३१ वी डिव्हिजन इथे येऊन भिडली ती या वळणासाठी. कड्यावर सुमारे अडीच हजार माणसं अडकली, त्यांतली कित्येक बिगरलढाऊ. आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स, रॉयल वेस्ट केंट्स. पाण्याचे झरे हातचे गेले, रसद विमानातून टाकायची वेळ आली. तीनेक किलोमीटरवरच्या जोत्सोमाहून पहाडी तोफा बिनतारी संदेशावर गोळे टाकत होत्या, आपल्याच खंदकांच्या अगदी पुढे.

डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट तिथे अजून आहे. म्हणजे त्याच्या पांढऱ्या रेषा जपून ठेवल्या आहेत. कोर्टाची लांबी जेमतेम २४ मीटर. एका बाजूला कड्यावर अडकलेले सैनिक, दुसऱ्या बाजूला जपानी, आणि मधल्या जागेवरून हातबॉम्ब फेकले जात होते. मी त्या रेषेवरून चालत गेले. किती पावलं झाली हे मोजायचं धाडस झालं नाही. या स्मशानात १,४२० थडगी आहेत, आणि ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला अशा ९१७ जणांची नावं स्मारकावर आहेत. तिथे आलेली कॉलेजची मुलं झुकू खोऱ्याच्या दिशेच्या डोंगरांचे फोटो काढत होती. काढावेतच. देखावा अप्रतिम आहे. फक्त जाताना ती ९१७ नावंही वाचावीत, एवढंच मनात आलं.

कोहिमा टिकली त्याला एक कारण आपल्या जवळचं आहे. त्याआधी काही दिवस, मार्चच्या अखेरीस, मणिपुरात उखरुलच्या वाटेवर सांगशाक नावाच्या नागा गावात ५० वी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांना अडवून उभी होती. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. गाव डोंगरमाथ्यावर, खालची जमीन इतकी खडकाळ की खोल खंदक खणता येईनात, पाणी अपुरं. विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हाती पडली. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी माथा सोडला, तोवर कोहिमाच्या तयारीला मोलाचे दिवस मिळाले होते. माथा गेला, पण वेळ मिळाला. पावनखिंडीतही हेच घडलं होतं. पुण्या-मुंबईत मी कितीतरी जाणत्या लोकांना विचारलं. सांगशाक हे नाव एकालाही ठाऊक नव्हतं. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली पोरं तिथे लढली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एक ओळ नाही. हे मला मनापासून खटकतं.

द्रासला तोलोलिंगचा डोंगर खालूनच पाहायचा असतो. स्मारकाच्या पटांगणात उभं राहिलं तरी १९९९ च्या कारगिल युद्धातली निकड समजते: वरच्या पाकिस्तानी निरीक्षकाला श्रीनगर-लेह महामार्गावरचा एकेक ट्रक दिसत होता आणि त्याच्या सांगण्यावरून तोफा डागल्या जात होत्या. त्या उघड्या, झाडाचं नावही नसलेल्या उतारावर आपले जवान रात्री चढले.

आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मोठे चढ सायकलवर आणि तेही सावकाश. इटलीत उंब्रिया प्रांतात पेरुजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाचं टेकडीवरचं जुनं गाव आहे. शेवटचा चढ छातीत भरतो. वर गेलात की खोरं पसरलेलं दिसतं, शेतं, नदी, समोरच्या टेकड्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या टेकड्या का सोडल्या नाहीत हे विचारायला लागत नाही. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, काडतुसं भरायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याच जागी कोसळले. वय २२. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा मुलगा. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करणाऱ्या मराठी पर्यटकांनो, तुमच्या आठ-दहा दिवसांतला अर्धा दिवस मोंतोनेला द्या. गाडी खाली लावा आणि चढ पायी चढा.