पारशिवनीची जुनी जीप

नागपुराहून उत्तरेकडे निघालेला प्रवासी बहुधा रामटेकच्या गडाकडे अथवा पेंचच्या अरण्याकडे वळतो. श्रीरामाचें किंवा वाघाचें, कोणाचें तरी एकाचें दर्शन पदरांत पडावें अशी त्याची इच्छा असते. पारशिवनी हें तालुक्याचें गांव या परिसरांतच असूनहि तेथें मुद्दाम उतरणारे प्रवासी विरळा. आम्हीहि आजवर तेथून दोन-चार वेळां गेलों, ते केवळ मोटारीच्या कांचेंतून गांव पाहत. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आम्ही खास पारशिवनीसच गेलों, आणि तेंहि एका जुन्या एंजिनाची ओळख पटविण्याकरितां!

कामठी मागें टाकून कन्हान नदीचा पूल ओलांडला आणि पुढें आमडी फाट्यास आम्हीं महामार्ग सोडला. दोहों बाजूंस फुटलेला कापूस आणि फुलावर आलेली तूर. ज्या पेंच नदीचें पाणी नवेगांव खैरीच्या धरणांतून नागपूरकरांच्या घरोघरीं जातें, ती नदी या तालुक्यांतूनच वाहते. पाण्याचा घोट घेतांना मात्र तिची आठवण किती जणांस होत असेल, हें सांगणें कठीण.

आमच्या एका स्नेह्याचे मामा या गांवीं राहतात. शाळेंतील नोकरी संपून त्यांस पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी सारें गांव त्यांना अद्याप ‘गुरुजी’च म्हणतें. त्यांच्या वाड्यामागील गोठ्यांत एक जीपगाडी तीस वर्षें उभी होती. ती गुरुजींच्या वडिलांनीं लष्करी मालाच्या विक्रींतून घेतलेली. “ही लढाईंतली विलीज आहे,” असें घरांत पिढीजात सांगत आले होते. परंतु एका कारखानदारानें गाडी पाहून निराळाच निकाल दिला होता. एंजिन मागाहून बसविलेलें, कवडीमोलाचें. तें भंगारांत घालून डिझेलचें बसवावें, असा त्याचा सल्ला. नातवास तो पटला होता. आजोबांस तो ऐकवतहि नव्हता. घरांत या गोष्टीवरून अबोला होण्याची वेळ आली, तेव्हां आमच्या स्नेह्यानें आम्हांस आणि नागपुरांतील एका वृद्ध मिस्त्रींस बरोबर घेतलें.

या वादास आणखी एक कारण होतें. सन 2021 च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांविषयीं नियम काढले. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या, धंद्यासाठीं न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी वाहनांची त्यांत स्वतंत्र नोंद होते. मात्र सांगाडा, साटा किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे एंजिन कोणाचें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नव्हता. डिझेलचें एंजिन एकदां बसलें, कीं ही वाट कायमची बंद होणार होती.

मिस्त्रींनीं येतांच चहा बाजूस ठेवला आणि बॉनेट उघडलें. “नंबर मंग पाहू भाऊ, पहिले तोंड पाहू द्या,” असें म्हणून ते एंजिनाकडे न्याहाळून पाहूं लागले. त्यांची परीक्षा वाचकांनाहि उपयोगी पडण्याजोगी आहे. जीपच्या जुन्या पेट्रोल एंजिनांच्या दोन जाती आपल्याकडे विशेष आढळतात. पहिल्या, लढाईच्या काळच्या जातींत आंत घेणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या दोन्ही झडपा ब्लॉकांतच असतात. त्यामुळें वरचें हेड चपट्या पाटासारखें दिसतें. दुसऱ्या जातींत आंत घेणाऱ्या झडपा हेडांत चढविल्या, म्हणून त्यावर झांकण आलें, कार्बुरेटर वर गेला आणि एंजिन उंच झालें. सन 1953 मध्यें निघालेल्या सीजे-3बी या जीपचें बॉनेट उंच दिसतें, तें याच कारणानें. महिंद्रांनीं ती गाडी आपल्या देशांत दीर्घकाळ बनविली. अशा गाड्या पाहण्याची डोळ्यांस संवय, म्हणून चपटें हेड दिसतांच तें परकें वाटणें स्वाभाविक आहे. गुरुजींच्या गाडीचें हेड चपटें होतें. एंजिन लढाईच्याच जातीचें ठरलें.

आतां क्रमांक. ब्लॉकच्या पुढच्या भागीं मळाचा व रंगाचा जाड थर बसला होता. रॉकेलांत भिजविलेल्या कुंचल्यानें अर्धा तास घासल्यावर अक्षरें दिसूं लागलीं. विलीजच्या एंजिनावर ‘एमबी’ हीं अक्षरें असावयाचीं. येथें मात्र ‘जीपीडब्ल्यू’ निघालीं! गोठ्यांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. जीपीडब्ल्यू हें फोर्ड कंपनीचें चिन्ह. लढाईंत एकट्या विलीज कंपनीकडून लष्कराची गरज भागेना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डनेंहि जीपगाड्या केल्या आणि आपल्या बहुतेक भागांवर ‘एफ’ हें अक्षर उमटविलें. तें अक्षर मिस्त्रींनीं दोन बोल्टांच्या माथ्यावर आम्हांस दाखविलें. मग ते गाडीखालीं शिरले. सांगाड्याचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा होता, आणि ही खूण विलीजची. फोर्डचा दांडा चौकोनी असतो.

“म्हणजे आमच्या वडिलांचें म्हणणें खोटें?” गुरुजींनीं हळूच विचारलें.

“खोटं कायचं, काकाजी? गाडी विलीजचीच हाय. लढाईत एकाचं एंजिन दुसऱ्याले बसते, वर्कशापवाले बसवत होते. दोघं सख्खे भाऊच म्हणा ना!”

नातवानें तोंवर नोंदणीचें जुनें पुस्तक आणलें होतें. त्यांत शाईनें लिहिलेला एंजिनाचा क्रमांक आणि ब्लॉकवरील क्रमांक आंकड्यास आंकडा जुळला. गाडी घरीं येऊन तिची नोंद झाली, तेव्हांपासून हेंच एंजिन तींत आहे, याविषयीं मग संशय उरला नाहीं. पुस्तक मिटतांना त्या मुलानें आजोबांकडे पाहिलें आणि डिझेलचा शब्द पुन्हां काढला नाहीं.

ओळख पटली, आतां दुरुस्ती. एंजिन जाम झालें होतें. हातोड्याचा एकहि घाव न घालतां मिस्त्रींनीं प्रत्येक नळकांड्यांत तेल व रॉकेल यांचें मिश्रण ओतून आठ दिवस वाट पाहावयास सांगितली. आम्ही दुसऱ्या खेपेस गेलों, तेव्हां दट्टे मोकळे झाले होते. या एंजिनाच्या नळकांड्याचा मूळ व्यास 3⅛ इंच, दट्ट्याची धांव 4⅜ इंच. चारी मिळून सुमारे 2200 घन सेंटिमीटर. पण मूळ माप कागदावरचें. वापरानें नळकांडें वरच्या टोंकास अधिक झिजतें आणि गोलाचें किंचित् लंबगोल होतें. म्हणून वर, मध्यें व खालीं, उभें-आडवें अशीं मापें घ्यावीं लागतात. तीन नळकांडीं थोड्या बोअरिंगनें सुधारण्याजोगीं निघालीं. चौथ्यांत गंजाचे खड्डे खोल होते, त्यास नवें अस्तर बसवावें लागलें. झडपा घासून बसविल्या आणि त्यांचें थंड एंजिनांतील अंतर हजारांश इंचांत 14 ठेवलें. पेट्रोलपंपाचा जुना पडदा मात्र बदलावाच लागला. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें व जुन्या रबरास तें सोसत नाहीं.

माघांत आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. गोठ्यासमोर सडा घातलेला, जीपला झेंडूचा हार. एक, तीन, चार, दोन या क्रमानें ठिणगी पडावयाची. पहिल्या प्रयत्नास नुसता धूर, दुसऱ्यास एक खोकला, आणि तिसऱ्यास तें एंजिन असें लागलें, कीं अंगणांतल्या चिमण्या उडाल्या. गुरुजी बॉनेटवर हात ठेवून उभे होते. थरथर हाताची कीं एंजिनाची, हें आम्हांस कळलें नाहीं.

जेवतांना नातवानें नवा प्रश्न काढला. जुन्या वाहनाची नोंद केली, तर गाडी प्रदर्शनास, शर्यतफेरीस वा दुरुस्तीस रस्त्यावर नेतां येते. नेहमींच्या वापरास नाहीं. मग त्रिपुरी पौर्णिमेस रामटेकच्या यात्रेला जावयाचें कसें? त्यांचे वडील दरवर्षीं याच गाडींतून घरच्यांस गडाच्या पायथ्यापर्यंत नेत असत. गुरुजींनीं ताकाची वाटी खालीं ठेवली. “अर्ज अजून कोरा आहे,” ते म्हणाले, “आणि त्रिपुरीस नऊ महिने आहेत. आधीं जुन्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळते का, तें विचारून ये.”

नातू दुसऱ्याच दिवशीं नागपुरास येणार होता. परततांना तें जुनें पुस्तक, रुमालांत गुंडाळून, त्यानें आम्हांस पुन्हां एकदां दाखविलें.