लोणारच्या विवरात विमानाची घरघर

जालन्याहून मंठ्याची एसटी पकडली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. मंठ्याला चहा घेतला आणि तळणीमार्गे लोणार गाठलं. जिल्हा बदलून बुलडाणा लागला तरी माती तीच, काळीभोर. जालना जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही, जवळचा म्हणजे चिकलठाण्याचा. त्यामुळे या वाटेवर विमानाचा विचार कोण कशाला करेल?

धारेच्या मंदिराकडून विवरात उतरू लागलं की गाव वरच राहतं. उल्कापाताने बेसाल्टात पडलेला हा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा. उंच काठामुळे हॉर्न, भोंगे हळूहळू मागे पडतात. पाचोळ्यावरून वानर पळालं तरी माणूस आल्यासारखं वाटतं. कमळजा देवीच्या मंदिराजवळ खाऱ्या पाण्याचा उग्र वास आला आणि झुडपांतून भारद्वाज घुमू लागला. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात घरघर सुरू झाली. आवाजाच्या रोखाने वर पाहिलं तर तिथे आभाळ मोकळं. विमान केव्हाच पुढे गेलेलं. दहा किलोमीटरवरून आवाज खाली पोहोचायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात विमान सहा-सात किलोमीटर पुढे सरकतं. शहरात ही घरघर जाणवतही नाही. इथे मात्र भारद्वाजाचा खर्जातला सूर त्या खर्जात पार बुडाला. "जाऊ द्या त्याला, मग ऐकू," वाटाड्या म्हणाला.

उंचावरचं विमान निघून तरी जातं. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर सहलीची विमानं आणि हेलिकॉप्टरं इतकी घिरट्या घालू लागली की तिथली नैसर्गिक शांतता परत मिळवण्यासाठी 1987 मध्ये कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियातल्या म्युअर वुड्सच्या जंगलात शांततेची विनंती करणारे साधे फलक लावले, तर पर्यटकांचाच गलका कमी झाला.

आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल आहे. पण शांतता क्षेत्र म्हटलं की दवाखाने, शाळा, न्यायालयं एवढीच डोळ्यांसमोर येतात. लोणार अभयारण्य आहे, 2020 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. तरीही विमान गेल्यावर भारद्वाज पुन्हा घुमतो न घुमतो तोच एक टोळकं ब्लूटूथ स्पीकर वाजवत खाली उतरलं. वाटाड्याने हात जोडले, तेव्हा कुठे गाणं थांबलं.

दहा किलोमीटर उंचीवरचा हवाई मार्ग आपल्या हातात नाही. पण उद्या कुणी विवरावरून हेलिकॉप्टर सफरींची टूम काढली, तर तिला पहिल्याच दिवशी नकार द्यायला हवा. वनखात्याने उतरणीच्या तोंडाशी शांततेचा फलक लावावा. आणि तुम्ही लोणारला जाल तेव्हा स्पीकर घरीच ठेवा.